ब्रोशरमध्ये चामडं, गाडीत रेक्झिन : न सांगता केलेल्या बदलाची जुनी गोष्ट

(या एपिसोडचं हे लेखी रूप. एसटीत रेंज गेली आणि ऑडिओ अडकला, तर वाचून काढा.)



आजचा एपिसोड मी सुलतानपूरहून, आमच्या घराच्या माडीवरून रेकॉर्ड करतोय. मागे ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या. ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. मेहकरहून जालन्याकडे निघालात की रस्त्यात सुलतानपूर लागतं, आणि लोणारचं सरोवर बघायला जाणारे इथूनच वळतात.

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण इंजिन, मायलेज, सनरूफ यातलं काही नाही. गाडीच्या आत जे आपल्या पाठीला आणि हाताला लागतं, ते मटेरियल. आणि ते गुपचूप बदललं जातं तेव्हा नेमकं काय होतं, हा प्रश्न. सुरुवात घरापासून करतो, कारण हा एपिसोड घरातच सुचला.

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आयुष्यभर आधी सायकल, मग स्कूटर. रिटायर झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा गाडी घ्यायचं ठरवलं. आईच्या कंबरेचा त्रास आहे, म्हणून चांगल्या सीटची गाडी हवी होती. शोरूमवाल्यांनी वरचं मॉडेल दाखवलं आणि त्यावर एक प्रीमियम इंटिरियर पॅकेज. ब्रोशरमध्ये स्वच्छ छापलेलं : सीटला खरं लेदर, दारांच्या आतून मऊ गादीचं लेदर आवरण. त्याचे वेगळे पंच्याऐंशी हजार. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि दसऱ्याला बुकिंग केलं. ते ब्रोशर त्यांनी कपाटात, पेन्शनच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवलं. मास्तर माणूस, कागद टाकत नाही.

गाडी आली गुढीपाडव्याच्या आधी. पूजा झाली, नारळ फुटला. मेहकरहून मामा आले होते. मामांचं कुशन वर्क्सचं दुकान आहे. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या सीटपासून काळीपिवळी जीपपर्यंत सगळ्यांच्या गाद्या त्यांनी शिवल्यात. मामा मागच्या सीटवर बसले, हात फिरवला, हेडरेस्ट दाबलं, दाराचं पॅनेल बोटानं वाजवलं. मग मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, “बाबू, हे चामडं नाही रे. मधला पट्टा तेवढा चामड्याचा हाय. बाकी सगळं रेक्झिन.”

सीटच्या खालच्या बाजूला शिवणीबाहेर आलेला एक छोटा तुकडा त्यांनी कात्रीनं काढला आणि अंगणात काडी लावली. चामडं जळलं की केस जळाल्यासारखा वास येतो. हे वितळलं, आणि वास आला प्लॅस्टिकचा. दाराच्या पॅनेलवर तर गादीच नव्हती. कडक प्लॅस्टिक, आणि त्यावर शिवणीचे टाके नुसते साच्यात उठवलेले.

बाबा आणि मी शोरूमला गेलो. तिथला मुलगा वागायला चांगला होता. त्यानं नवं ब्रोशर काढलं. त्यात ‘लेदर’ या शब्दाच्या जागी आता ‘लेदर फील’ असं आलं होतं. पॅकेजचं नाव तेच, किंमत तीच. तो म्हणाला, “सर, मधल्या काळात मटेरियल अपडेट झालंय.” मग त्यानं शेवटच्या पानावरची बारीक ओळ दाखवली : कोणतीही पूर्वसूचना न देता तपशिलात बदल करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. बाबांनी चष्मा काढून ती ओळ वाचली आणि काहीच बोलले नाहीत. परतीच्या रस्त्यात मेहकरपर्यंत ते गप्प होते. ज्या माणसानं हजारो पोरांना “सही करण्याआधी वाचा” असं शिकवलं, त्याला आपणच न वाचता सही केल्याची लाज वाटत होती.

रात्री जेवताना मामा म्हणाले, “भाऊजी, खरं सांगू का? हे मटेरियल वाईट नाही. आपल्या उन्हात चामडं तडकते, हे टिकंल. पण सांगायला काय झालं होतं त्याइले?”

मंडळी, मामांचा हा प्रश्न खूप जुना आहे. तो किती जुना, हेच आज बघू.

आठपट दंड

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं नाव तुम्ही राजकारण आणि गुप्तहेरांसाठी ऐकलं असेल. पण त्याच्या चौथ्या अधिकरणात बाजाराचे नियम आहेत. तिथे एक यादी येते : लाकडाची वस्तू, लोखंडाची, रत्नांची, दोर, चामडं, मातीची भांडी, सूत, लोकर. यातलं हलक्या जातीचं काही उत्तम जातीचं म्हणून कोणी विकलं किंवा गहाण ठेवलं, तर त्याला किमतीच्या आठपट दंड.

त्या यादीत चामडं आहे, हे वाचून मी बाबांना दाखवलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

नियम काय म्हणतो ते बघा. हलकी वस्तू विकणं हा गुन्हा नाही. हलक्या मालालाही गिऱ्हाईक असतं. गुन्हा आहे तो हलक्या वस्तूला भारी वस्तूचं नाव देणं. म्हणजे भांडण मालाशी नाही, नावाशी आहे.

गाठीवरचं नाव

आता आपल्याच भागात या. वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. भाव कडाडले. मुंबईत लोक रातोरात श्रीमंत झाले. आणि गाठींमध्ये भेसळ सुरू झाली.

भेसळ म्हणजे काय? सरकी मिसळायची, धूळमाती मिसळायची, वजन वाढायला पाणी मारायचं, आणि चांगल्या कापसात आखूड धाग्याचा हलका कापूस दाबून भरायचा. गाठ बाहेरून तीच दिसणार. वऱ्हाडच्या कापसाला व्यापारात अमरावतीवरून पडलेलं ‘ऊमरा’ हे नाव होतं. गाठीवर नाव एका मालाचं, आत दुसरंच. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

यात मार कोणाला बसला? ज्यानं भेसळ केली त्याला नाही. ज्या शेतकऱ्यानं स्वच्छ कापूस आणला, त्याला. कारण इंग्लंडचा गिरणीवाला गाठ फोडल्याशिवाय आत काय आहे ते सांगू शकत नव्हता. मग तो सगळ्याच गाठींना भेसळीचा भाव देणार. नाव बिघडलं की प्रामाणिक माणसाचा मालही स्वस्त होतो. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. खामगाव आज आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तेव्हा कापसाची मोठी पेठ होती. म्हणजे हा प्रश्न लांब मँचेस्टरचा नव्हता, आपल्या बाजारपेठेतला होता.

शंभर वर्षांनी एका अर्थतज्ज्ञानं हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. जॉर्ज अकरलॉफ. १९७० मध्ये त्यांचा निबंध आला, आणि उदाहरण कशाचं घेतलं? जुन्या गाड्यांच्या बाजाराचं! विकणाऱ्याला गाडीचं आतलं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि चांगली गाडीवाले बाजारातून बाहेर पडतात. अकरलॉफ त्याआधी भारतात राहून गेले होते. त्या निबंधात भारतातली गृहिणीही आहे, बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसलेली. २००१ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. माझ्या आजीला कोणी काही दिलं नाही, पण सिद्धांत तिला पाठ होता.

रेक्झिन नावाचं गंमतीदार प्रकरण

आता थेट सीटवर येऊ.

सुरुवातीच्या गाड्यांत चामडं ही चैनीची वस्तू नव्हती. घोडागाडीत गाडीवान उघड्यावर बसायचा, ऊन-पाऊस खायचा, म्हणून त्याच्या बैठकीला चामडं. मालक आत, बंद डब्यात, म्हणून त्याला उंची लोकरीचं कापड. मोटारी आल्या तेव्हा बड्या लोकांच्या गाड्यांत हीच पद्धत राहिली : पुढे ड्रायव्हरला चामडं, मागे साहेबांना कापड. आपल्याकडे लेक माहेरी आणायला दमणीत गादी टाकून वर चांगली सतरंजी अंथरायचे, चामडं नाही. चामडं म्हणजे श्रीमंती, हे समीकरण नंतर जमलं.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, तेव्हा तिची किंमत होती ८५० डॉलर आणि सीट होती चामड्याची. पुढच्या काही वर्षांत त्याच नावाच्या गाडीत आधी काही भागांवर आणि मग बहुतेक ठिकाणी नकली चामडं आलं. फोर्डच्या कारखान्यात स्वतःचं कृत्रिम चामडंही बनू लागलं. गाडीचं नाव बदललं नाही. पण इथे एक मोठा फरक होता : किंमत घसरत गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यात सर्वांत स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरला मिळत होती. चामडं गेलं, पण त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात परत आले. आमच्या बाबांच्या गाडीत चामडं गेलं आणि पंच्याऐंशी हजार तिथेच राहिले.

आणि रेक्झिन? हा मराठी शब्द वाटतो, इतका रुळलाय. पण हे एका ब्रँडचं नाव. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हे कापड बनायचं. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप, त्यात रंग, आणि वरून चामड्यासारख्या रेघा दाबलेल्या. मोटारी, आगगाड्या, बस, पुस्तकांच्या बांधण्या, सगळीकडे ते गेलं. पुढे पीव्हीसी आलं आणि नायट्रोसेल्युलोजची जागा त्यानं घेतली. आज मामांच्या दुकानात रेक्झिनचे म्हणून जे ताके उभे आहेत, ते पीव्हीसीचे आहेत.

लक्षात आलं का? नकली चामड्याचं नावसुद्धा नकली झालं! मटेरियल बदललं, नाव तेच राहिलं, आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे मी बी तीस वर्षं खोटंच इकतो का बे?” मी म्हटलं, नाही मामा. तुमच्या गिऱ्हाइकाला रेक्झिन म्हणजे आज काय मिळतं ते माहीत आहे, तो हात लावून घेतो. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा घेणाऱ्याच्या डोक्यात एक वस्तू असते, विकणाऱ्याला ते माहीत असतं, आणि तो गप्प बसतो.

उलटाही खेळ झालाय. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्रायस्लरनं आपल्या कॉर्डोबा गाडीच्या जाहिरातीत ‘कोरिंथियन लेदर’ असा शब्द वापरला. लोकांना वाटलं, ग्रीसच्या कोरिंथ शहराशी काही संबंध असेल. काही नव्हता. जाहिरातवाल्यांनी तयार केलेलं नाव. इथे मटेरियल न बदलता नाव बदललं होतं. ‘लेदर फील’ हा शब्द ऐकला की मला ही जाहिरात आठवते. फील तर मलाही होतं, मी पण प्रीमियम आहे.

अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच

आता कायद्याची एक गोष्ट. कंटाळू नका, ही खरंच मजेशीर आहे.

सिमेंटची पिंपं बनवायला एका इंग्लिश व्यापाऱ्यानं रशियाहून लाकडी फळ्या मागवल्या. करारात जाडी लिहिली होती : अर्धा इंच. माल आला. बहुतेक फळ्या अर्ध्या इंचापेक्षा किंचित जाड, जास्तीत जास्त एका इंचाच्या सोळा भागांतले नऊ भाग. पिंपं बनवायला त्या फळ्या अगदी चालण्यासारख्या होत्या, हे तपासणीतही निघालं. तरी घेणाऱ्यानं माल नाकारला. खरं कारण असं होतं की तोवर लाकडाचा भाव पडला होता आणि त्याला करारातून सुटायचं होतं. म्हणजे घेणारा काही साधुसंत नव्हता.

खटला इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९३३ चा निकाल, आर्कोस विरुद्ध रोनासेन. निकाल घेणाऱ्याच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं : माल चालतो का, हा प्रश्नच नाही. जे लिहिलं ते दिलं का, एवढंच बघायचं. थोडी मोकळीक हवी असेल, तर ती करारात लिहून घ्या.

हा निकाल फार कडक आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि ते चुकीचं नाही. पण मामांच्या वाक्यापुढे तो ठेवून बघा. “मटेरियल वाईट नाही” हे मामांचं म्हणणं खरं असेल, तरी प्रश्न संपत नाही. फळ्याही वाईट नव्हत्या.

आपल्याकडे हेच तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. वर्णनावरून माल विकला असेल, तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. पंधरावं कलम. आणि गाडीचं बुकिंग म्हणजे वर्णनावरून खरेदीच की! तुमची गाडी तेव्हा बनलेलीसुद्धा नसते. तुम्ही घेता ते छापलेले शब्द.

कुर्ल्याची रांग

मग इतकी वर्षं आपल्याकडे कोणी बोललं का नाही? कारण बोलायची सोयच नव्हती.

आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना. पुढे तिथे फियाट बनायला लागली, आणि १९७४ पासून त्याच गाडीला नाव मिळालं पद्मिनी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तुमच्यातल्या काहींनी तेव्हा स्टेटस ठेवलं असेल.

पण त्या काळात गाडी घेणं म्हणजे काय होतं? लायसन्सराज. देशात गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोजून दोन-तीन. बुकिंग करा आणि वर्षानुवर्षं थांबा. दर्जा घसरतोय अशा तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ मध्ये सरकारनं गाड्यांच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमली. १९६९ मध्ये गाड्यांच्या किमती सरकारनं आदेश काढून बांधून दिल्या. कंपन्या त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या.

आता तुम्हीच हिशोब करा. किंमत सरकारनं बांधलेली. कच्च्या मालाचा भाव वाढतोय. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं, ते कुठे जाणार नाही. अशा वेळी खर्च वाचवायला जागा कुठे उरते? गिऱ्हाइकाला पटकन दिसत नाही तिथे. गादीच्या आत, पत्र्याच्या जाडीत, रबराच्या पट्टीत. कोण्या एका कंपनीनं ठरवून केलं असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, त्या व्यवस्थेत खर्च कापायचा दबाव तिकडेच जाणार होता. आणि गाडी हातात आल्यावर सीटकडे बघून तक्रार कोण करणार? गाडी मिळाली हेच भाग्य! मामांचा धंदाच त्यावर उभा राहिला. नवी गाडी आली की लोक आधी कुशनवाल्याकडे आणायचे.

‘मिळालं ना, मग गप्प बस’ ही सवय आपल्याला त्या रांगेनं लावली, असं माझं मत आहे. रांग गेली, सवय राहिली. बाबा शोरूममध्ये गप्प बसले ते त्याच सवयीनं.

पुण्याहून निघालेली वाट

सवय मोडायचा प्रयत्नही महाराष्ट्रातूनच झाला. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक घ्यायची, तपासून, वाटून. दिसायला साधी गोष्ट. पण गिऱ्हाईक एकटं नाही, ही भावना त्यातून आली.

मग १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. आता आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. वस्तू अमुक दर्जाची, अमुक प्रतीची, अमुक घटकांची आहे असं खोटं सांगणं, हे त्यात सरळ येतं. घटक! म्हणजे वस्तू कशाची बनलीय ते. कौटिल्याच्या यादीतलं चामडं पुन्हा कायद्यात आलं म्हणा ना.

आणि ती बारीक ओळ? पूर्वसूचना न देता बदल? याच कायद्यानं ‘अनुचित करार’ असं नाव अशा कराराला दिलंय, ज्याच्या अटींमुळे ग्राहकाच्या हक्कात मोठा, त्याच्या तोट्याचा बदल होतो. प्रत्येक बारीक ओळ त्यात बसेलच असं नाही. कारखान्याला बदल करावेच लागतात : पुरवठादार बंद पडतो, नवं मटेरियल जास्त टिकाऊ निघतं, कोणाला जनावराचं कातडं नको असतं. ही कारणं खरी आहेत. पण बदलायचा हक्क म्हणजे लपवायचा हक्क नाही.

सांगून बदल करता येतो, याचं ताजं उदाहरण आहे. २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा होता. बीएमडब्ल्यूनं अमेरिकेत काही मॉडेलमधून टचस्क्रीनची सोय काढली. पण ते सांगितलं, आणि गिऱ्हाइकाला ५०० डॉलरची सूट दिली. जनरल मोटर्सनंही काही गाड्यांतून तापणाऱ्या सीटची सोय काढली आणि किंमत कमी करून दिली. लोक खूश झाले नसतील. पण घ्यायचं की नाही, हे त्यांनी माहिती असताना ठरवलं. सांगायला लागतो फक्त एक फोन किंवा एक मेसेज.

तर बाबांनी काय केलं?

आठ दिवस काहीच नाही. मग एका सकाळी ते टेबलाशी बसले आणि शाळेतल्या अक्षरात एक पत्र लिहिलं. बुकिंगची तारीख, पावतीचा नंबर, जुन्या ब्रोशरची झेरॉक्स, नव्याची झेरॉक्स. मागणी एकच : दोन्ही मटेरियलच्या किमतीतला फरक लेखी कळवावा आणि परत करावा. स्पीड पोस्टानं पाठवलं. शोरूममधून फोन आला, “सर, फ्लोअर मॅट आणि परफ्यूम फ्री देतो.” बाबा म्हणाले, “मला मॅट नको, उत्तर पाहिजे.”

उत्तर अजून आलेलं नाही. आता जिल्हा आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार आहे. मी हे शोधताना जे शिकलो ते तुमच्या कामाचं आहे, म्हणून सांगतो. नव्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आम्हाला बुलढाणा पुरे, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. दहा ते वीस लाखांच्या खरेदीसाठी फी ४०० रुपये, आणि पाच लाखांपर्यंत काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो.

आणि गाडी घेणार असाल, तर तीन कामं करा. बुकिंगच्या दिवशीचं ब्रोशर तारखेसकट सेव्ह करा, कारण वेबसाइटवरचं रात्रीत बदलतं. पॅकेजमध्ये काय-काय आहे ते बुकिंग फॉर्मवर शब्दांत लिहून घ्या : सीट कशाची, मागची बाजू कशाची, दार कशाचं. ‘लेदर सीट’ म्हणजे बऱ्याचदा फक्त अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो, हे लक्षात ठेवा आणि विचारा. आणि गाडी तुमच्या नावावर नोंदवण्याआधी जाऊन हात लावून बघा. जमलं तर सोबत एखादा कुशनवाला मामा न्या.

परवा मामा म्हणाले, “भाऊजी, एवढं काऊन मनाला लावून घेता? मी खरं चामडं आणतो, दोन दिवसात सगळी गाडी शिवून देतो. पैसे नका देऊ.” आईलाही ते पटलं होतं.

बाबा म्हणाले, “नको. आहे तसंच राहू दे. आयोगाला दाखवायचंय.”

आता ते रोज संध्याकाळी आईला घेऊन लोणारच्या रस्त्यानं चक्कर मारतात. आई म्हणते, सीट बरी आहे, कंबर दुखत नाही. बाबा म्हणतात, बरी असेल, पण सांगितलेली नाही.

तुमच्या घरीही असं काही गुपचूप ‘अपडेट’ झालं असेल, गाडी असो, फ्लॅट असो की सोफा, तर मला व्हॉइस नोट पाठवा. आयोगाचं काय होतं ते मी इथेच सांगेन, निकाल कोणाच्याही बाजूनं लागो. तोपर्यंत कागद जपून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.